‘कोठवर?’ असं देवाला विचारताना

नोकरी जाऊन चार महिने झालेत आणि कुठूनच उत्तर येत नाही. घरातलं आजारपण लांबत चाललंय. सख्ख्या माणसाशी बोलणं तुटलंय. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भेटणारा प्रत्येक जण "प्रार्थनेत आठवण ठेवतो" म्हणतो, आणि घरी येऊन दार लावलं की सगळं जिथल्या तिथे असतं. अशा दिवसांत ख्रिस्ती माणसाच्या खांद्यावर दोन ओझी असतात. एक मूळ दुःखाचं, दुसरं "आपलाच विश्वास कमी पडतोय" या टोचणीचं. पहिल्यावर दर वेळी आपला इलाज चालत नाही. दुसरं मात्र बऱ्याचदा पवित्र शास्त्र अर्धवट वाचल्यामुळे अंगावर आलेलं असतं आणि ते उतरवता येतं. खचलेल्या दिवसांत प्रार्थना नेमकी कशी करायची, किती करायची आणि ती कुठे फसते, त्याबद्दल हे लिहितो आहे.

सुरुवात एका क्रमापासून करू. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात (वचनं ३ ते ५) प्रेषित पौल एक साखळी सांगतो: संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. आशा शेवटी येते. आपण नेमकं उलटं धरून बसतो. आधी मनाला उभारी येऊ दे, थोडी आशा वाटू दे, मग धीर धरू. उभारी येत नाही, म्हणून धीरही लांबणीवर पडतो आणि वर अपराधी वाटत राहतं. पौलाने धीरासाठी वापरलेला ग्रीक शब्द ‘हुपोमोने’ असा आहे. फोड केली तर ‘खाली राहणं’, म्हणजे ओझ्याखालून न निसटणं. त्या क्षणी मनाला काय वाटतंय याची अट त्या शब्दात कुठेच नाही. ‘शील’ म्हणून जो शब्द आपल्या मराठी शास्त्रात येतो त्याचं मूळ ‘दोकिमे’, सोनं किंवा नाणं पारखून खरं ठरावं त्या अर्थाशी जोडलेलं. तेव्हा आज आशा वाटत नसेल तर तुम्ही साखळीतून गळून पडलेले नाही. तुम्ही तिच्या पहिल्या किंवा दुसऱ्या कडीपाशी आहात.

हे लिहिणारा पौल आरामखुर्चीत बसलेला नव्हता. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात (१:८) तो सांगतो की आशिया प्रांतात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, आमच्यावर इतका भार आला की जगण्याचीही आशा उरली नव्हती. प्रेषित असं लिहू शकतो, आणि मंडळी ते पत्र जपून ठेवते, पिढ्यान्‌पिढ्या उपासनेत वाचते. यातच आपल्या टोचणीचं निम्मं उत्तर आहे.

तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. ज्या पुस्तकाला इस्राएलाने आणि नंतर मंडळीने आपली प्रार्थनेची वही मानलं, त्यात इतकी तक्रार का? कारण तक्रार ज्याच्यापाशी करायची तो ऐकतो, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. देवाकडे पाठ फिरवलेला माणूस देवाला ‘कोठवर?’ असं विचारत नाही, तो गप्प होतो. तेव्हा खचलेल्या विश्वासी माणसाने तक्रारीला घाबरू नये, मुकेपणाला घाबरावं.

विलापाची घडण शिकायला तेरावं स्तोत्र सगळ्यांत सोयीचं. अवघी सहा वचनं. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो: देवा, कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, कोठवर मी मनात घोळवत बसू, कोठवर वैरी वरचढ राहणार. यातला पहिला आणि दुसरा प्रश्न देवाबद्दल, तिसरा स्वतःच्या मनाबद्दल, चौथा बाहेरच्या परिस्थितीबद्दल. दुःख तिन्ही अंगांनी येतं आणि स्तोत्रकर्ता ते तिन्ही अंगांनी मांडतो. पुढच्या दोन वचनांत मागणी आहे: पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांना प्रकाश दे. शेवटची दोन वचनं भरवशाची. त्यांची सुरुवात हिब्रूत ‘पण मी तर’ अशा वळणाने होते, आणि परिस्थिती बदलल्याचा एक शब्दही त्यात नाही. वैरी होता तिथेच आहे.

तेराव्यात हे वळण चार वचनांनंतर येतं. इतर स्तोत्रांत ते कधी येतं ते मोजून पाहण्यासारखं आहे. ७३व्या स्तोत्राची वचनं २८, आणि दुष्टांचं कसं चांगलं चाललंय या जळफळाटातून स्तोत्रकर्ता बाहेर पडतो ते १७व्या वचनात, देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर. २२व्या स्तोत्रात, ज्याचे पहिले शब्द येशूने वधस्तंभावर उच्चारले, वळायला २१ वचनं लागतात. आणि ८८वं स्तोत्र वळतच नाही. १८ वचनं, आणि शेवट अंधारात. भरवशाचा एकच धागा तिथे आहे: पहिल्या वचनात देवाला ‘माझ्या तारणाऱ्या देवा’ अशी हाक मारली आहे आणि १३व्या वचनात, सकाळीच माझी प्रार्थना तुझ्यापुढे येते, असं म्हटलं आहे. उत्तर नाही, पण सकाळची हजेरी चुकलेली नाही. कॅथॉलिक मंडळीच्या दैनंदिन प्रार्थनाक्रमात शुक्रवारच्या झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेला हेच स्तोत्र नेमलेलं आहे. म्हणजे जगभर कितीतरी लोक दर शुक्रवारी रात्री ही न वळलेली प्रार्थना म्हणून झोपायला जातात. ज्याला वाटतं की प्रार्थनेचा शेवट गोड झालाच पाहिजे, त्याने एकदा हे स्तोत्र मोठ्याने वाचावं.

घरी करायचं कसं

एक साधी दोनशे पानी वही आणि पेन घ्या. मोबाइल नको, त्यावर दोन मिनिटांत दुसरंच काही उघडलं जातं. वेळ १५ मिनिटांची, रोज एकच. पहाट जमत नसेल तर हट्ट धरू नका. खचलेल्या माणसाची सकाळ बऱ्याचदा सगळ्यांत जड असते. दुपारच्या चहाआधीची किंवा जेवणं झाल्यावरची वेळही चालते, फक्त ती बदलत राहू नये.

पहिली पाच मिनिटं एक स्तोत्र मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलेलं डोळ्यांवरून निसटतं, मोठ्याने वाचलेलं निदान कानाला तरी लागतं. आणि संपूर्ण आठवडाभर तेच स्तोत्र. ही सूचना अनेकांना पटत नाही, रोज नवं वचन हवंसं वाटतं. पण दमलेलं मन नवं घेत नाही, ओळखीचं मात्र धरून राहतं. गेथशेमाने बागेत येशूने तीनदा प्रार्थना केली, आणि मत्तय (२६:४४) मुद्दाम नोंदवतो की तिसऱ्यांदाही शब्द तेच होते. नवे शब्द सुचत नाहीत म्हणून प्रार्थना सोडून देणाऱ्यांनी हे वचन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

पहिल्या आठवड्याला १३वं स्तोत्र घ्या. नंतर ४२ आणि ४३ एकत्र, कारण ती दोन्ही मुळात एकच असावीत असं बहुतेक अभ्यासक मानतात: ‘माझ्या जिवा, तू का खिन्न झालास’ हे पालुपद ४२:५, ४२:११ आणि ४३:५ असं तीनदा येतं. स्तोत्रकर्ता स्वतःच्याच जिवाला समजावतो, पुढच्या ओळीत पुन्हा बुडतो, पुन्हा समजावतो. एकदा समजावून भागत नाही, हे त्याने लपवलेलं नाही. त्यानंतर ७७वं. त्यात ७ ते ९ या तीन वचनांत सलग सहा प्रश्न आहेत, देवाचं वचन कायमचं खुंटलं का, तो कृपा करायला विसरला का, अशा थराचे. मग स्तोत्रकर्ता ठरवून जुन्या गोष्टी आठवू लागतो आणि इस्राएलाची सुटका झाली त्या लाल समुद्रापाशी पोचतो. तिथे १९वं वचन म्हणतं, तुझी वाट समुद्रातून होती, पण तुझी पावलं कुणाला दिसली नाहीत. सुटका झाली तेव्हासुद्धा पावलं दिसली नव्हती, ही नोंद मला या संपूर्ण स्तोत्रातली सगळ्यांत दिलासा देणारी वाटते. चौथ्या आठवड्याला १३०वं, आठच वचनांचं. रात्री झोप येत नसेल तर चौथं स्तोत्र वेगळं ठेवा, त्याचं शेवटचं वचन झोपेचंच आहे.

उरलेली दहा मिनिटं लिहायला. तेराव्या स्तोत्राचे तीन भाग आणि सुरुवातीची हाक, असे चार टप्पे. हाक एका ओळीत. तक्रार तीन-चार ओळींत. मागणी दोन ओळींत. भरवसा एका ओळीत. समजा नोकरी गेलेला कुणी लिहितो आहे, तर ते साधारण असं दिसेल:

"प्रभू येशू. आज चार महिने झाले. अठरा अर्ज केले, दोनच ठिकाणांहून उत्तर आलं, तेही नकाराचं. दहा तारखेला भाडं द्यायचंय. बायकोसमोर या विषयावर बोलायची लाज वाटते आणि तू गप्प आहेस याचा राग येतो. या आठवड्यात एका तरी ठिकाणाहून फोन येऊ दे. आज रात्री तिच्याशी खरं बोलायचं बळ दे. काल भावाने न मागता पैसे पाठवले, ते मी विसरलेलो नाही."

यात बघण्यासारखं काय आहे? तक्रारीत आकडे आणि तारखा आहेत. ‘बरं वाटत नाही, प्रभू मदत कर’ एवढ्यावर थांबलं की दुःख धुक्यासारखं पसरत राहतं, नेमकं लिहिलं की त्याला कडा येतात. मागण्या दोन आहेत, एक देवाच्या हातातली आणि एक स्वतःच्या पावलाबद्दलची. ‘या आठवड्यात’ असं म्हणायला कचरू नका, ७०व्या स्तोत्राचं शेवटचं वचनही ‘उशीर लावू नको’ असंच सांगतं. आणि भरवशाची ओळ लहान आहे, पण खरी आहे.

या शेवटच्या ओळीतच बहुतेक वह्या बंद पडतात. लोक तिथे मंडळीत ऐकलेलं मोठं वाक्य लिहितात: सर्व काही उत्तम होईल, मी विजयी आहे. आतलं मन ते मानत नाही, चार दिवसांत लिहिणं खोटं वाटू लागतं आणि वही कपाटात जाते. त्यापेक्षा आज जेवढं खरं म्हणता येतं तेवढंच लिहा. काहीच म्हणता येत नसेल तर ‘आजही तुझ्याशीच बोलतोय’ एवढंच लिहा, ८८व्या स्तोत्रात तरी त्याहून जास्त कुठे आहे? दुसरी चूक याच्या उलट बाजूची. तक्रारीवरच दहा मिनिटं संपतात, मागणीपर्यंत पोचणंच होत नाही, आणि उठताना माणूस बसताना होता त्याहून जड असतो. म्हणून तक्रारीला चार ओळींची मर्यादा. उरलेलं उद्या. देव उद्याही ऐकणार आहे.

तिसरी अडचण आपल्या मातीतली आहे, ती म्हणजे नवस. ‘हे झालं तर मी अमुक करीन’ ही सवय बाप्तिस्मा घेतला म्हणून आपोआप सुटत नाही. स्तोत्रांतही नवसाचे उल्लेख आहेत (२२:२५, ६६:१३), पण तिथे तो मंडळीसमोर आभार मानण्याचा शब्द असतो, देवाला तयार करण्यासाठी पुढे केलेली रक्कम नसते. वहीत ‘तर मी’ असं वाक्य आलं की थांबा, ते खोडा आणि साधी मागणी लिहा.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी वही मागे चाळा. मागण्यांच्या पुढे तीनपैकी एक खूण करा: मिळालं, वेगळं काही मिळालं, अजून नाही. ‘अजून नाही’च्या खुणा जास्त निघाल्या तर पान फाडू नका. पौलाने शरीरातल्या काट्याबद्दल तीनदा विनंती केली आणि काटा गेला नाही, कृपा पुरे आहे असं उत्तर आलं (२ करिंथ १२:८-९). त्याच्या वहीत ती ‘वेगळं काही मिळालं’ची खूण ठरली असती.

एलीयाला आधी भाकर मिळाली

निराश विश्वासी माणसाशी देव कसा वागतो याचं सगळ्यांत तपशीलवार वर्णन १ राजे १९ मध्ये आहे. कर्मेल डोंगरावर मोठा विजय झाल्यावर ईजबेल राणीची धमकी येते आणि एलीया संदेष्टा पळतो. बैर-शेब्याला आपल्या चाकराला मागे ठेवतो, एकटाच एक दिवसाची वाट रानात जातो, झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. पुढे जे होतं त्याचा क्रम सावकाश वाचा. झोप. देवदूताचा स्पर्श. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. पुन्हा झोप. दुसऱ्यांदा स्पर्श, पुन्हा जेवण, आणि ‘वाट तुला झेपण्यापलीकडची आहे’ ही कबुली. उपदेश नाही, ‘तुझा विश्वास कुठे गेला’ असा प्रश्नही नाही. त्यानंतर ४० दिवस चालून तो होरेब डोंगराला पोचतो, आणि तिथे कुठे देव विचारतो, तू इथे काय करतोस?

एलीया तक्रार करतो: मी एकटाच उरलो आहे. वारा, भूकंप, अग्नी आणि मग मंद वाणी. तोच प्रश्न पुन्हा, आणि एलीयाचं उत्तर शब्दशः तेच. इतका मोठा अनुभव येऊनही त्याचं मन तिथल्या तिथे पालटलेलं नाही! देव त्यावर वाद घालत नाही. तीन कामं सांगतो (हजाएल, येहू आणि अलीशा यांचा अभिषेक) आणि एक आकडा सांगतो: बआल या दैवतापुढे गुडघे न टेकलेले ७,००० लोक मी राखून ठेवले आहेत.

यातून सरळ व्यवहार निघतो. खचला असाल तर प्रार्थना लांबवण्याआधी झोप आणि जेवण बघा. रात्री अकराच्या पुढे जागरणाच्या प्रार्थनासभा काही महिने सोडा. उपास-प्रार्थनेचा सल्ला खचलेल्या माणसाला सर्रास दिला जातो, तो अशा वेळी चुकीचा आहे. ज्याचं जेवण आधीच तुटलं आहे त्याने उपास करू नये, देवाने एलीयाला उपाशी ठेवून उठवलं नाही. मधुमेह असेल, रोजच्या गोळ्या चालू असतील, तर उपासाचा प्रश्न डॉक्टरांना विचारल्याशिवाय येतच नाही. दिवसातून एक काम ठरवा, लहान आणि संपणारं: एक अर्ज, एक फोन, एक बादली कपडे. एलीयाच्या तीन कामांपैकी त्याच्या हातून थेट झालं ते अलीशाचं, उरलेली दोन पुढे अलीशाच्या काळात पुरी झाली. तीन कामं सांगितली म्हणून तीनही आजच व्हायला हवीत असं नाही.

आणि त्या ७,००० साठी रविवारी जा. ‘मी एकटाच’ हे वाटणं घरात बसून जात नाही. गाणं तोंडातून निघत नसेल तर मागच्या बाकावर बसून इतरांचं ऐका, त्या दिवशी मंडळी तुमच्या वतीने गाते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत ‘माझी’ असा शब्द कुठेच नाही. ‘आमच्या पित्या’, ‘आमची रोजची भाकर’, सगळं अनेकवचनात. वसईच्या घरांतली संध्याकाळची जपमाळ असो की नगर-जालन्याकडची कौटुंबिक प्रार्थना, ज्या दिवशी स्वतःचा आवाज फुटत नाही त्या दिवशी दुसऱ्यांच्या आवाजावर टेकायची सोय त्यात आहे.

फ्रेम केलेलं वचन

यिर्मया २९:११ हे वचन आपल्याकडे कॅलेंडरवर, चहाच्या कपावर, दिवाणखान्याच्या भिंतीवर असतं. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा देणारे आहेत. खचलेल्या माणसाला हेच पाठवलं जातं, आणि दोन महिन्यांत काही बदललं नाही की तेच वचन बोचू लागतं. दोष वचनाचा नाही, ते पत्रातून कापून काढण्याचा आहे.

ते पत्र यिर्मया संदेष्ट्याकडून, यरुशलेमेहून बाबेलच्या बंदिवानांना गेलं होतं. त्यांना इ.स.पू. ५९७ मध्ये धरून नेलं होतं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना ते आवडलं असणारच. यिर्मया लिहितो, दोन नाही, सत्तर (२९:१०). म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना स्वतः परतणं नव्हतं. मग त्यांनी काय करायचं? घरं बांधा, बागा लावा आणि त्यांची फळं खा, लग्नं करा, आणि ज्या शहरात मी तुम्हाला नेलं आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा (२९:५-७). अकरावं वचन या सगळ्यानंतर येतं. आशा कशी दिसते हे त्या लोकांना विचारलं असतं तर त्यांनी रोपं दाखवली असती.

म्हणून कुणी ‘याच महिन्यात तुझं काम होणार, प्रभूने मला दाखवलं’ असं सांगू लागलं तर २८वा आणि २९वा अध्याय सलग वाचा. मुदत सांगणारा दिलासा गोड लागतो, पण ती तारीख उलटली की माणूस देवापासून दुप्पट लांब जातो. त्याऐवजी स्वतःला विचारा, ही परिस्थिती आणखी दोन वर्षं अशीच राहणार असेल तर मी आज काय लावीन? स्वयंपाकघराच्या खिडकीत कढीपत्त्याची एक कुंडी, मुलाच्या अभ्यासाचा अर्धा तास, बंद पडलेला शिवणाचा क्लास. एवढ्याने परिस्थिती हलत नाही, पण माणूस थांबून राहत नाही.

केडगावच्या पंडिता रमाबाईंकडे मी याच नजरेने पाहतो. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेले. १८८० मध्ये लग्न, १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. डॉक्टर व्हायचं ठरवलं होतं, ते ऐकू कमी येत असल्यामुळे राहून गेलं. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्याचं काम घेतलं. उद्देश हा की त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमातल्या साध्या बायकांना ते समजावं. एकीकडे शेकडो मुलींचं जेवणखाण, आजारपण, छापखाना, आणि दुसरीकडे रोज थोडी थोडी वचनं. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तेव्हाही काम चालू होतं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि भाषांतर पुरं झालेलं होतं. त्यांना रोज उत्साह वाटत असेल असं मानायला काही आधार नाही. रोजची पानं मात्र आपल्यासमोर आहेत.

औषध घेण्याने विश्वास कमी होत नाही

हे थोडक्यात पण स्पष्ट लिहायला हवं. निराशा आणि आजार यांत फरक आहे. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टीतही रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, एकाग्रता होत नसेल, स्वतःबद्दल नकोसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी घरच्या कुणाला तरी सांगायचं आणि मदत घ्यायची. सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

गोळ्या सुरू केल्या तर त्यांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून किंवा बरं वाटू लागल्यावर ‘आता प्रार्थनेनेच होईल’ म्हणून त्या मनाने बंद करू नका. २ राजे २० मध्ये हिज्कीया राजा आजारी पडतो, रडून प्रार्थना करतो, देव ती ऐकतो आणि १५ वर्षं वाढवून देतो. आणि त्याच अध्यायात यशया संदेष्टा सांगतो, अंजिरांचं पोटीस आणा आणि गळवावर बांधा. प्रार्थना ऐकली गेली होती, तरी पोटीस बांधलंच.

कुणाच्या घरी जाणार असाल तर

शेवटी थोडं त्यांच्यासाठी, ज्यांच्या मंडळीत असं कुणी आहे. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र बदनाम आहेत, पण त्यांनी सुरुवात फार चांगली केली होती. त्याचं दुःख फार मोठं आहे हे पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कुणी एक शब्द बोललं नाही (ईयोब २:१३). चौथ्या अध्यायात ते बोलू लागले आणि पुढचे बहुतेक अध्याय बिघडले. शेवटी देवाने राग व्यक्त केला तो मित्रांवर, आणि ओरडून ओरडून तक्रार करणारा ईयोब माझ्याविषयी बरोबर बोलला असं म्हटलं (४२:७).

जाताना चौघांनी मिळून जाऊ नका, एक किंवा दोघं पुरेत. आधी फोन करा आणि वीस मिनिटांत उठा. ‘देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्य घरीच ठेवून जा. रोमकरांस ८:२८ खरं आहे, पण त्याच्या आधीच्या वचनांत सृष्टी कण्हते, आपण कण्हतो आणि आत्माही शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने मध्यस्थी करतो. त्या पायऱ्या गाळून थेट २८वर उडी मारता येत नाही. प्रार्थना करू का असं विचारा, हो म्हणाले तर चार वाक्यांत संपवा, किंवा तेरावं स्तोत्र नुसतं वाचा. ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणू नका. खचलेला माणूस सांगत नाही. ‘मंगळवारी मुलांना शाळेतून मी आणते’, ‘दवाखान्यात मी बरोबर येतो’ असं ठरवून सांगा.

जेवण नेणार असाल तर गरम करून लगेच खाता येईल असं न्या. खिचडी, पिठलं-भाकरी, वरणभात. डबा स्टीलचा, आपल्या घरचा न्या, म्हणजे तो परत घ्यायला दोन दिवसांनी पुन्हा जाता येतं. एलीयाकडे देवदूत दोनदा आला होता.